धापूबाईच्या चुका

मारवाड्यांच्या घरात पोरीचं नाव धापू ठेवलं, की समजावं, तिच्याआधी तीन-चार पोरी होऊन गेल्या आहेत. धापणं म्हणजे पोट भरणं. "देवा, धापलो बाबा, आता पुरे," असा त्या नावाचा सरळ अर्थ. तिच्या बापाचं नाव कचरूलाल. त्याच्या पाठीवरची नव्हे, आधीची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून ह्याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर टेकवून आणला आणि कचरू म्हटलं. एकूण त्या घराला नावाची हौस कधीच नव्हती.

घर जालन्याच्या मस्तगडात. खाली ज्वारीची आणि सरकीची अडत, वर राहणं. धापूबाईच्या बहिणी आपापल्या सासरी, आई वारलेली, थोरला भाऊ मिश्रीलाल बापाबरोबर दुकानात, आणि घरात त्याची बायको संतोषबाई. धापूबाईला नवव्या वर्षी देवी आल्या आणि जाताना दोन्ही डोळे घेऊन गेल्या. पुढं मुंबईच्या मामानं हट्टानं तिला तिकडच्या एका अंधशाळेत अडीच वर्षं ठेवून घेतलं. ती परत आली तेव्हा वीस वर्षांची होती आणि ट्रंकेत एक लाकडी पाटी, एक पितळी चौकट आणि मुठीत बसेल अशी टोचणी होती. ही गोष्ट त्यानंतर दोन वर्षांनी, सन चोपन्नच्या पावसाळ्यात घडली.

डोळे नसले की लोक माणसाला एकतर देव करतात, नाहीतर सामान. कचरूलालच्या घरात धापूबाई सामान होती. लाडाचं सामान, रोज पुसूनबिसून ठेवलेलं, पण सामानच. तिनं घराबाहेर पाऊल टाकायचं ते संतोषबाईच्या पदराचं टोक धरून. काम एकच, डाळ निवडायचं. त्यात मात्र तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. ताटात डाळ पसरायची आणि बोटं फिरवायची. खडा तर सोडाच, गवताचं बी सुटत नसे. मस्तगडातल्या आणखी चार घरांची डाळ तिच्याकडे येई. "धापूबाईनं निवडलेली डाळ डोळे मिटून शिजवावी," असं लोक तिच्यासमोरच म्हणत आणि त्यांना त्यात काही वाटत नसे.

आषाढात मुंबईच्या शाळेचं पत्र आलं. ठिपक्यांचं पत्र, म्हणजे घरात ते वाचणारी ती एकटीच. तिनं मांडीवर ठेवून बोटांनी वाचलं आणि सगळ्यांना सांगितलं. (घरात बोलणं मारवाडीतच चाले, ते आपण गावच्या बोलीत ऐकू.) सगळ्या भाषांसाठी ठिपक्यांची एकच नवी लिपी ठरल्याला तीन वर्षं झाली होती. जुनी पुस्तकं बाद झाली आणि मराठीची नवी पुस्तकं हातानं उतरवून घ्यायची होती. घरी बसून हे काम करणारी माणसं शाळेला हवी होती. नमुना म्हणून मुलांच्या वाचनाच्या पुस्तकाची पन्नास पानं उतरवून पाठवायची. पानामागं दोनापेक्षा जास्त खोडाखोड नको, आणि केलेली खोडाखोड वाचणाऱ्याच्या बोटाला लागता कामा नये. दुरुस्तीत डोळस माणसाची मदत घ्यायची नाही. सप्टेंबरच्या दहा तारखेनंतर पोचलेली पानं घेतली जाणार नाहीत. सोबत सत्तर जाड कागद पाठवले होते.

"हे समदं त्या फोडांत लिवलंय?" संतोषबाईनं विचारलं. "का मनानं बनवून सांगून राह्यल्या, बाईसा?"

"मनानं बनवलं असतं तर दोन खोडाखोडींच्या जागी दहा सांगितल्या असत्या," धापूबाई म्हणाली.

तिला ते काम हवं होतं. इतकं हवं होतं की दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. डाळ काय, ती नसती तर दुसरं कुणी निवडलं असतं, एखादा खडा दाताखाली आला असता इतकंच. पण हे काम साऱ्या जालन्यात, अंबड-भोकरदन धरूनसुद्धा, दुसऱ्या कुणाला येत नव्हतं.

काम सुरू झालं. दुपारी मागची आवराआवर झाली, की संतोषबाई पुस्तक घेऊन भिंतीला टेकून बसे आणि वाचून दाखवी. धापूबाई पाटीवर कागद लावून, चौकटीच्या खिडक्यांतून टोचणीनं ठिपके टोचत जाई. ह्या लिहिण्याची गंमत अशी, की ठिपका टोचायचा इकडून आणि तो उठतो पलीकडून. म्हणून लिहायचं उजवीकडून डावीकडे, अक्षरं उलटी. पान पालथं केलं की सगळं सुलट. हात बसला की जमतं. पण वाचणारी संतोषबाई होती. तिचा एक डोळा पुस्तकात आणि एक चुलीवरच्या दुधात. मध्येच एक ओळ खाई, मध्येच तीच ओळ दोनदा वाची, आणि "थांबा थांबा, ते चुकलं," असं म्हणेपर्यंत इकडे ठिपके टोचून झालेले असत. शाईचं अक्षर खोडता येतं, पेन्सिलीचं पुसता येतं. कागदाला पाडलेलं भोकसं कसं पुसायचं?

शाळेत त्यासाठी लाकडाची एक खुंटी असे. तीस मुलींत दोन खुंट्या. पान पालथं करायचं, नको असलेला ठिपका बोटानं शोधायचा आणि खुंटीनं दाबून बसवायचा. येताना ती मागून आणावी हे तेव्हा धापूबाईला सुचलं नाही. तेव्हा शाळेतल्या वस्तूला हात लावणं म्हणजे चोरी वाटत होती.

आधी तिनं नखानं दाबून पाहिलं. ठिपका बसला, पण भोवती कडं राहिलं. बोट फिरवलं की अडखळायचं. चौथ्या दिवशी नख मुळापासून फुटलं. मग घर धुंडाळणं सुरू झालं. चिंचोका घासून पाहिला. गुळगुळीत, पण बोटातून सटकायचा. चांदीचं कानकोरणं कागद फाडून गेलं. अडकित्त्याचा दांडा शेजारचे दोन ठिपके घेऊन बसला. संतोषबाईनं मेंदीची काडी दिली, ती दुसऱ्याच दाबाला मोडली. मिश्रीलालनं बाजारातून सोनाराची ओपणी आणली. दागिन्याला घासून झळाळी आणायची ती, लांब दांड्याची आणि पुढं चकचकीत दगडाचं टोक. हत्यार झकास. पण धापूबाईनं ते दोनदा चालवलं आणि खाली ठेवलं.

"हे डोळसांचं हत्यार हाय, दादा," ती म्हणाली.

"हत्याराला कुठं डोळे असतेत?"

"दांडा कशाला एवढा लांब? हात बाजूला ऱ्हावा अन् नजर जावी म्हणून. माझी नजर म्हणजे माझं बोट. ते टोकावरच पायजे. हाताला जे लागत न्हाई ते मला दिसत न्हाई."

मिश्रीलालला हे पटलं की नाही कोण जाणे. त्यानं ओपणी मुकाट्यानं परत नेऊन दिली.

श्रावण निम्मा सरला. सोळा पानं झाली होती आणि चौदा कागद वाया गेले होते. सत्तरातून किती उरले हे तिला रोज मोजावं लागे. आता सहाच कागद जास्तीचे होते. शेवटी ती संतोषबाईला म्हणाली, "भाभी, कागदाची चूक कागदवाल्यालाच कळंल. मला भुजंगकाकाकडं घेऊन चला."

भुजंग जिनगराचं दुकान तीन दुकानं सोडून होतं. जिनगर म्हणजे मूळचे घोड्यांची खोगिरं करणारे. निजामाचे घोडे कमी झाले आणि ह्याच्या बापापासून त्यांनी पुस्तकं बांधायला घेतली. मस्तगडातल्या साऱ्या दुकानांच्या हिशेबाच्या लाल बह्या दर दिवाळीला भुजंगच बांधी. त्या महिन्यावर त्याचं वर्ष निघे. माणूस साठीचा, बोलायला तिरकस, हातानं सरळ.

धापूबाईनं एक बिघडलेलं पान त्याच्या पुढ्यात ठेवलं. "ह्यो ठिपका बसवायचाय. शेजारचा हलता कामा न्हाई, कागद फाटता कामा न्हाई, अन् मला दिसत न्हाई."

"तिसरं सांगाया नगं, ते दिसून राह्यलं," भुजंग म्हणाला. त्यानं पान उजेडाकडे धरलं, पालथं केलं, अंगठा फिरवला. मग गादीखालून आपली पट्टी काढली. बांधणारे कागदाची घडी मोडायला वापरतात ती. वीतभर, बापाच्या वेळची, घासून घासून पातळ झालेली. त्यानं ती ठिपक्यावर हलकेच फिरवली. "बघा."

धापूबाईनं बोट फिरवलं. ठिपका नव्हता. कडं नव्हतं, वळ नव्हता. जणू तिथं कधी टोचलंच नव्हतं.

"द्या इकडं," ती म्हणाली आणि पट्टी हातात घेतली.

हातात घेतल्याबरोबर तिला कळलं. लाकूड हाताचा घाम पितं, शिंग थोडं चिकटतं, आणि हस्तिदंत कसा लागतो ते संतोषबाईच्या चुड्यावरून तिला चांगलं ठाऊक होतं. त्याला बारीक छिद्रं नसतात. ह्या पट्टीच्या कापलेल्या टोकाला सुईच्या अग्राएवढी छिद्रं होती. ते हाड होतं. डोळसाला शंका आली असती. तिला शंका आली नाही, तिला कळलं. आणि तिचं घर ओसवाल जैनांचं. सूर्य मावळला की तिथं पाणीसुद्धा पीत नसत, कांदा उंबऱ्याच्या आत येत नसे. हाडाचं तर नावही काढायची सोय नव्हती.

भुजंगानं तेवढ्यात पट्टी परत घेऊन काम सुरूसुद्धा केलं होतं. पट्टीचा बोटाएवढा तुकडा कापून त्याला कानस लावली. टोक ज्वारीच्या दाण्याएवढं आणलं आणि टोकाच्या वरच तर्जनी टेकायला खाच केली. बोट खाचेत ठेवलं, की बोटाच्या पुढं गव्हाएवढंच हत्यार राही. जे तिला हवं होतं ते म्हाताऱ्यानं न सांगता केलं.

"अग्गोबाई, हस्तिदंत!" संतोषबाई वाकून बघत म्हणाली. "बराबर माझ्या चुड्यासारखं पिवळं पडलंय."

कानस थांबली. भुजंगानं धापूबाईकडे पाहिलं. आंधळ्या माणसाकडे असं बघून काय मिळणार, पण त्यानं पाहिलं. मग खाकरून म्हणाला, "त्याचं काय हाय वहिनी, ही पट्टी म्हंजी..."

"काका," धापूबाई मध्येच म्हणाली, "टोक आणखी जरासं गोल करा."

मग कानस पुन्हा चालू झाली.

खोटं ती बोलली नाही. खरं भुजंगाच्या ओठापर्यंत आलं होतं, तेवढं तिनं माघारी लावलं. रस्त्यानं परत येताना पदराचं टोक एका हातात आणि पट्टी दुसऱ्या मुठीत; मूठ अशी आवळलेली की खाचेचा वळ तळव्यावर उठला. तिला आनंद झाला होता आणि भीतीही वाटत होती. पण आनंद जास्त होता, हे कबूल केलं पाहिजे.

पुढं पानं पाण्यासारखी निघाली. चूक झाली की पान पालथं करायचं, बोटानं ठिपका गाठायचा, पट्टी टेकवायची, गेला. हाताला धीर आला तशा चुकाही कमी झाल्या. पर्युषणाच्या पहिल्या दिवशी पन्नासावं पान झालं. जैनांचे हे आठ दिवस उपास-तापासाचे, आणि शेवटचा दिवस संवत्सरीचा. वर्षभरात केलेल्या चुकांची मोजदाद त्या दिवशी. पोस्टात गठ्ठा टाकायचा तो संवत्सरीनंतर, असं ठरलं. दहा तारखेला अजून वेळ होता.

घोटाळा केला तो कचरूलालच्या सचोटीनं. सातव्या दिवशी त्याच्या मनात आलं, की पोरीला जिनगरानं हस्तिदंत दिला आणि आपण त्याची किंमत विचारली नाही. पर्वाच्या दिवसांत कुणाचं देणं अंगावर राहू नये. तो उठून भुजंगाकडे गेला. अर्ध्या तासानं परत आला तो जोड्यासकट जिना चढून.

"उंटाचं हाड!" तो ओरडला. कचरूलालचा आवाज चढलेला घरानं वर्षानुवर्षं ऐकला नव्हता. "आठ दिवस पर्युषण, अन् माझ्या घरात उंटाचं हाड!"

संतोषबाईच्या हातातलं पातेलं पडलं. "मी त्याच्यासमोर हस्तिदंत म्हणाले, बापूजी! मेला मुकाट बसला! आंधळ्या पोरीला फसवायला लाज न्हाई वाटली?"

"तेच तर. मी इचारलं, सांगितलं का न्हाई? तर खाली मान घालून, 'चूक झाली शेठजी' एवढंच. दुसरा शब्द न्हाई." कचरूलाल धापूबाईजवळ आला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुझा दोष न्हाई, बेटी. तुला काय दिसणार! अजाणतेपणी झालं त्याचं पाप न्हाई. पानं जाऊ दे मुंबईला. पट्टी मिश्री परत नेऊन टाकील. अन् यंदाच्या बह्या बिलकुल त्याच्याकडं न्हाई. औरंगाबादेला बांधून घेऊ."

संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या आणखी पाच दुकानांनी तेच ठरवलं. आंधळीला फसवणाऱ्याकडे लक्ष्मीची बही कोण बांधील?

धापूबाई गप्प राहिली. नुसती मान खाली घालून बसली की तिची पन्नास पानं सुखरूप मुंबईला जाणार होती. खरं सांगितलं, तर जाणूनबुजून केलेलं पाप होत होतं, आणि पापाच्या कागदांना चूल जवळ होती. नवी पन्नास पानं लिहायला ना कागद होते ना दिवस. दुसऱ्या दिवशी संवत्सरी. घरात सगळ्यांना निर्जळी उपास. ती दिवसभर जागच्या जागी बसून होती आणि तिच्या कानात भुजंगाचं ते वाक्य घोळत होतं. चूक झाली शेठजी. कुणाची चूक, कुणाच्या तोंडी!

तिसऱ्या दिवशी सकाळी उपास सुटले. मुगाचं पाणी घेऊन पारणं करायचं आणि मग खमतखामणा, म्हणजे लहान-थोर सगळ्यांनी एकमेकांना हात जोडून वर्षभराच्या चुकांची माफी मागायची. त्यात बापसुद्धा लेकीला हात जोडतो. कचरूलाल मुगाच्या पाण्याची वाटी हातात घेऊन तिच्यापुढं बसला आणि रिवाजाप्रमाणं म्हणाला, "जाणता-अजाणता माझ्याकडून तुझं मन दुखलं असंल तर माफी असावी, बेटी."

"बापूजी, तुमच्या वाटीत खडा हाय का?" धापूबाईनं विचारलं.

"खडा? मूग तू निवडलेस. खडा कशाला असंल?"

"मुगातला खडा ज्या बोटांना कळतो, त्या बोटांना हाड कळलं न्हाई, असं तुम्ही कसं मानलं?"

वाटी खाली टेकल्याचा आवाज झाला.

"मला पहिल्या दिवशी कळल्तं. हातात घेतल्याबरोबर. भुजंगकाका सांगाया लागलेच व्हते, मी त्यांना बोलू दिलं न्हाई. त्यांनी मला फसवलं न्हाई बापूजी, मी तुम्हाला फसवलं. अजाणता न्हाई, जाणून."

"बाईसा!" संतोषबाई किंचाळली. "माझ्या हातानं मी त्या पट्टीला शिवले! माझ्या सोवळ्याचं काय?"

"अन् तुमच्या चुड्याचं काय, भाभी? हत्तीनं काय दात आपण होऊन तुमच्या हातात आणून दिल्ता?"

संतोषबाईनं दोन्ही हात पदराखाली घेतले. मिश्रीलालला हसू आलं असावं. तो एकदम जिन्याकडे गेला.

"पानं तुमच्या हवाली हायेत," धापूबाई म्हणाली. आता तिचा आवाज फाटला आणि ती रडायला लागली, पण बोलायची थांबली नाही. "जाळायची तर जाळा. मला लई वाईट वाटंल. पर इतकी वर्षं माझं समदं आंधळी म्हणून माफ करून राह्यलात, ते आता बास. एवढी एक चूक माझ्या नावावर ऱ्हाऊ द्या. ती दुसऱ्याच्या माथी मारू नका."

कचरूलाल रागावला होता, आणि नेमका कशावर हे त्याचं त्यालाच धड ठरवता येत नव्हतं. मग त्यानं पगडी घातली आणि खाली उतरला. मस्तगडानं त्या दिवशी पाहिलं, की अडत दुकानाचा कचरूलाल शेठ जिनगराच्या दुकानाच्या पायरीखाली उभा राहून हात जोडतो आहे. भुजंग गादीवरून धडपडत उठला. "शेठजी, ह्ये काय करून राह्यले?" म्हणाला. आणि मग, गप्प बसवेना म्हणून, "तसा उंट तुमच्याच मुलखातला हाय म्हणा," असंही म्हणाला. कचरूलाल हसला नाही. पण बह्या यंदाही इथंच बांधायच्या, असं जाताना मोठ्यानं, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलला.

घरी येऊन त्यानं पानांचा गठ्ठा पुढं ओढला.

"कुठं खोडलंस, दाखव."

तिनं वरचं पान काढलं, बापाचं बोट धरलं आणि एका जागी टेकवलं. "हिथं."

कचरूलालनं बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. "हिथं तर काहीच न्हाई."

"तेच तर काम व्हतं, बापूजी."

त्यानं आणखी दोन-तीन पानांवरून बोट फिरवलं. ठिपके त्याला कळत नव्हते, पण तो फिरवत राहिला. शेवटी म्हणाला, "जाणून केलंस, तर प्रायश्चित्त जाणून कर. तीन दिवस उपास. अन् हाड पुन्हा ह्या उंबऱ्याच्या आत येणार न्हाई, आज न्हाई, कधीच न्हाई." थांबून त्यानं गठ्ठ्याला सुतळी बांधायला घेतली. "पत्ता सांग. जल्दी. पोस्ट बंद व्हईल."

दसऱ्याच्या सुमाराला काम मिळाल्याचं पत्र आलं. सोबत तीनशे कागद आणि भूगोलाचं पुस्तक. पत्रातल्या एका ओळीवर धापूबाईचं बोट अडखळलं. लिहिणाऱ्यानं एक ठिपका नखानं बसवला होता, कडं राहिलं होतं. ती एकटीच हसली.

आता प्रश्न पट्टीचा. हाड घरात यायचं नाही आणि त्याच्यावाचून चूक मिटायची नाही. तोडगा भुजंगानं काढला. पट्टीला भोक पाडून दोरा ओवला आणि दुकानाच्या दाराशी, तिच्या हाताला लागेल अशा खिळ्याला ती टांगली. लिहायचं घरी, खोडायचं भुजंगाच्या ओट्यावर. पहिले चार दिवस संतोषबाई तिला सोडायला गेली. पाचव्या दिवशी दिवाळीच्या फराळाचा घाट घातला होता आणि तिचे हात पिठात होते. धापूबाईनं बापाची जुनी काठी घेतली, पानं काखेत मारली आणि एकटी जिना उतरली. गादीवरून कचरूलाल अर्धवट उठला. उभं राहावं की हाक मारावी, हे ठरेपर्यंत ती पहिलं दुकान ओलांडून गेली होती. नाली आली, तिनं काठीनं चाचपली, ओलांडली. कचरूलाल पुन्हा खाली बसला.

मग ते रोजचंच झालं. दुपारी चारला काठीचा आवाज आला, की गल्लीतली माणसं बैलगाडी बाजूला घेत. ओट्यावर ती अर्धा-पाऊण तास बसे, चुका मिटवी, भुजंगाशी वाद घाली, कोण आलं कोण गेलं ते ऐके. नालीपलीकडचा भजेवाला कधी तेल बदलतो हे साऱ्या घरात आता तिला आधी कळे.

वर्ष-दीड वर्षात तिचा हात इतका बसला, की आठ-आठ दिवस एकही चूक होईना. अशा दिवशी चार वाजत आले की ती शेवटच्या पानाच्या शेवटच्या ओळीत, जाणूनबुजून, एक ठिपका जास्तीचा टोची. पान काढून काखेत मारी, काठी घेई आणि जिन्यातून हाक देई, "आलेच मी भाभी, एक चूक झाली."